पानातला धागा

आमच्या वडगावच्या वाचनालयात सहा टॅब आले, त्यातला पहिला ग्रंथपाल मनिषानं माझ्या हातात दिला. मी वाचायला लागले तर पानच बदललं. परत मागं आणलं, परत पळालं.

"आक्का, बोट लावू नका."

"बोट न लावता ओळ धरू कशी गं?"

मी बावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकले. शिकवणाऱ्या बाईंनी शब्दाखाली बोट ठेवायला सांगितलं. आज सत्तर झाली, ते बोट अजून निघालेलं नाही.

मनिषानं अक्षरं मोठी करून दिली, बोराएवढी. शेजारी बसलेल्या जयाबाईला मोतीबिंदू. वाचणं सोडून तिला दोन वर्षं झाली होती. तिनं टॅब ओढून घेतला, चार ओळी घडाघडा वाचल्या आणि म्हणाली, "इंदे, हे बरं हाय की गं. तू बस तुझ्या बोटाला घिऊन."

मला हसू आलं. वस्तू वाईट नव्हतीच.

पण टॅबना टेबलं हवीत आणि टेबलांना जागा. म्हणून त्या दुपारी आमचे चिटणीस शरद सर टिळकवाडीहून आले. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. ज्या पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर पाच वर्षांत तारखेचा एकही शिक्का नाही, ते रद्दीत. मनिषानं तशी पुस्तकं काढून भिंतीशी रचली होती. त्यात मी वाचत होते ते नद्यांवरचं जाड पुस्तकही होतं. एकशे बाराव्या पानापर्यंत यायला मला आठ महिने लागले होते.

"सर, हे मी वाचाय लागलोय."

सरांनी चिठ्ठी पाहिली. "इंदुताई, कोरी आहे. घरी कधी नेलंच नाहीत तुम्ही."

"घरात विणायचा माग हाय सर. सुताचा धुरळा उडतोय, खळीचा हात लागतोय. माग बंद असला की आमी बायका हितंच बसून वाचतो आणि परत ठेवतो."

"मग ते कळायचं कसं? मला समितीला काहीतरी दाखवावं लागतं. उद्या रद्दीवाला येतोय."

मी पुस्तक उघडून दिलं. पानात हिरवा धागा होता, मागावरचं तुटकं सूत. सरांनी तो चिमटीत धरला.

"काढू नका सर, पान हरवंल माझं."

सरांनी धागा सोडला आणि पुढची पानं चाळली. दोनशे चाळिसाव्या पानावर पिवळा धागा निघाला.

"हा कुणाचा?"

"सुवर्णाचा. आमच्या गल्लीतली सून. माझ्या मागनं आली नि म्होरं गेली."

"आणि हा जांभळा?"

"त्यो माझा," जयाबाई टॅबमधून मान वर न करता म्हणाली. "डोळं गेलं तवा तिथंच ऱ्हायलोय."

सर खाली फरशीवर बसले आणि एकेक पुस्तक उघडून बघू लागले. मनिषाचा चेहरा उतरला. "सर, झाडताना असले किती धागे मी कचरा म्हणून टाकले असतील." तिला तरी कसं कळावं? ती शहरातल्या कॅम्प भागातली मुलगी, तिच्या घरी माग नाही.

संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर पुस्तकांत धागे सापडले. बाकीचा ढीग तसाच राहिला. जे कुणी उघडलंच नाही, त्याची बाजू मी काय म्हणून घेऊ?

"धाग्यांची राहतील," सर म्हणाले. "पण यापुढं इथं बसून वाचलं तरी वहीत नाव लिहायचं. पुढच्या वेळी दुसरा चिटणीस असेल, त्याला धागे कोण दाखवणार?"

मनिषानं वही पुढं केली.

खरं सांगायचं तर घरचा धुरळा हे अर्धंच कारण होतं. पुस्तक नेताना वहीत लिहावं लागतं, आणि मला लिहायला फार वेळ लागतो. वाचताना आपण कोपऱ्यात असतो. लिहिताना मागं माणसं उभी असतात. अठरा वर्षं मी ती वही टाळत आले होते.

"लिव्ह की गं इंदे," जयाबाई म्हणाली. "हितं कुणाची बस चुकत न्हाय."

मी लिहिलं. माझं नाव, आडनाव, मग पुस्तकाचं नाव. ते ओळीत मावलं नाही, खाली उतरवलं. सर हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी घाई केली नाही.

मग मी पेन जयाबाईपुढं धरलं.

"मला कशाला? मी तर ह्यात वाचतोय."

मी सरांकडे पाहिलं.

"टॅबलाही नाव लागेल, जयाबाई," सर म्हणाले.