घरात कोणी ओढतं का?

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या बायकोला खोकला झाला, तो सर्दीचा असेल असं दोघांनीही धरून ठेवलं होतं. सर्दी गेली, खोकला काही जाईना. सहा आठवड्यांनी ती एकटीच दवाखान्यात जाऊन छातीचा फोटो काढून आली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, "येताना यजमानांना घेऊन या." बाइंडर हातातलं काम टाकून तिच्याबरोबर गेला.

बाईंनी फोटो उजेडासमोर लावला. उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, वाटाण्याएवढा पांढरट डाग होता.

"हा जुन्या आजाराचा व्रणही असू शकतो," बाई म्हणाल्या. "स्कॅन केल्याशिवाय मी काही बोलणार नाही. तुम्ही सिगारेट वगैरे ओढता?"

"छे हो, मी कुठली!"

"घरात कोणी ओढतं का?"

"कोणीच नाही," ती पटकन म्हणाली.

बाइंडर तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता. शर्टाच्या खिशात सिगारेटचं पाकीट होतं, त्यावर त्याचा हात आपोआप गेला. बाईंनी कागदावर 'नाही' असं लिहून घेतलं.

घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. छापखान्यातून आलेले फर्मे, म्हणजे पानांचे घडी घातलेले गठ्ठे, ती दाभण-दोऱ्यानं शिवायची आणि समोर बसून तो पुठ्ठ्याला खळ लावायचा. चोवीस वर्षं हे असंच चाललं होतं. कागद उडू नयेत म्हणून खोलीला पंखा नव्हता, खिडक्या बारा महिने बंद. आणि बाइंडरची एक सिगारेट विझायच्या आत दुसरी पेटायची. गिऱ्हाइकं हसून म्हणायची, "तुमच्या हातचं पुस्तक डोळे मिटूनसुद्धा वासानं ओळखू येतं!" त्याला ते कौतुकच वाटायचं.

स्कॅन झालं. रिपोर्ट चार दिवसांनी मिळणार होता. त्या चार दिवसांत त्याच्या जिवाला थारा नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं एका जाडजूड पुस्तकाला पुठ्ठा उलटा चिकटवला. शिकाऊ असतानाही अशी चूक त्याच्या हातून झाली नव्हती. तिच्या खोकल्याकडे कान लावून तो बसायचा. मग ती खोकायला आत जाऊ लागली, दार लोटून घेऊ लागली, तेव्हा तर त्याचं धाबंच दणाणलं. सिगारेट ओढायला तो गल्लीच्या टोकाला जायचा. दोन झुरके मारले की उरलेली तो चपलेखाली चिरडायचा आणि तासाभरानं पुन्हा तिथंच जाऊन उभा राहायचा.

दुसऱ्याच दिवशी त्याच्यानं राहवेना.

"तू खोटं का बोललीस गं?"

तिनं दोरा दातानं तोडला. "मग काय सांगायला हवं होतं? हे बसलेत ना शेजारी, हेच ओढतात, असं?"

"अगं, पण डॉक्टरांना कळायला नको?"

"तुम्हाला सांगता येत होतं की. तुमचं तोंड काय शिवलं होतं?"

तिनं हातातला फर्मा सारखा केला. मग हळू आवाजात म्हणाली, "मला भीती वाटली हो. त्या एकदा 'यामुळेच' असं म्हणाल्या असत्या, तर उद्यापासून मी तुमच्याकडे कशी बघणार होते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच बाइंडर पायरीवर जाऊन उभा होता.

"बाई, त्या दिवशी तिनं सांगितलं ते खरं नव्हतं. मी ओढतो. रोजच्या चाळीस. तिच्यासमोर बसून, बंद खोलीत."

बाईंनी कागद काढला, 'नाही' खोडलं आणि किती वर्षं, खोली केवढी, सगळं विचारून लिहून घेतलं. बाइंडर मान खाली घालून उत्तरं देत होता.

"माझ्यामुळे झालं का तिला?"

"काय झालंय तेच अजून आपल्याला माहीत नाही. पण खोटी समजूत घालणार नाही मी. धुराचा धोका ओढणाऱ्यापुरता नसतो, शेजारी बसणाऱ्यालाही असतो. नुसत्या खिडक्या उघडून भागणार नाही, ओढणंच थांबवायला हवं. एकट्याला जमलं नाही तर माझ्याकडे या, त्यावर औषधं असतात. आणि तुमचाही फोटो काढू या."

"माझा?"

"मग? पहिला धूर तुमच्याच छातीत जातो ना?"

इतक्या दिवसांत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो फोटोच्या यंत्राला छाती टेकवून उभा राहिला.

रिपोर्टच्या दिवशी दोघं बरोबरच गेले. बाईंनी पाकीट उघडलं, वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. तेवढ्यात बायकोनं बाइंडरचं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची नखं रुतली.

"जुना, भरून आलेला व्रण आहे," बाई म्हणाल्या. "लहानपणी कधीतरी छातीचा मोठा आजार होऊन गेला असेल. कॅन्सरसारखं काही दिसत नाही. तरी सहा महिन्यांनी पुन्हा बघू. यजमानांचा फोटोही आजच्या घडीला ठीक आहे. आजच्या घडीला, हं! आणि दिवसभर बसून काम करता दोघं, रोज चालायला लागा."

बाहेर आल्यावर ती मटकन पायरीवरच बसली. तो शेजारी बसला आणि लोक येत-जात असताना खुशाल रडला.

सिगारेट एका दिवसात काही सुटली नाही. नवव्या दिवशी त्यानं कागदवाल्याकडून एक मागून ओढली आणि घरी येऊन आपणहून सांगितलं. तिनं पायात चपला अडकवल्या आणि त्याला घेऊन थेट बाईंकडे गेली. औषध सुरू झालं. पुढे आणखी एकदा घसरला, मग मात्र नाही. तिचा खोकला महिन्याभरात गेला.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झालं. डाग होता तेवढाच होता. पण आदल्या आठवड्यात बाइंडरनं पुन्हा दोन पुस्तकांना पुठ्ठे उलटे चिकटवले होते, आणि यापुढेही प्रत्येक तपासणीला आपलं असंच होणार, हे त्याला कळून चुकलं होतं. त्या संध्याकाळीही दोघं चढाच्या रस्त्यानं फिरायला गेले. अर्ध्या वाटेत त्याला धाप लागली.

"थांबायचं का?" तिनं विचारलं.

"नको," तो म्हणाला. "तू हो पुढे, मी येतोच."

पण ती पुढे गेली नाही. त्याचा दम परत येईपर्यंत तिथंच उभी राहिली.