चौघांच्या कुटुंबातले तिघं

"मोठं कापड धन्याला, मधलं माझ्या लेकीला,
चिंधी उरली ती मला, सांगू नये कुणाला."

आई शिलाई मशीन चालवताना पायाच्या ठेक्यावर हे गुणगुणायची. आईला जाऊन वीस वर्षं झाली, पण शिंपिणीच्या कानातून तो ठेका गेला नव्हता. आत्ताही, सभागृहाच्या व्यासपीठावर दोन पुढाऱ्यांच्या मधोमध बसलेली असताना, तिचा पाय आपोआप हलत होता.

वाद होता आरोग्य विम्याच्या हप्त्यावरच्या सरकारी अनुदानाचा. दोन्ही पक्षांना दाखवायला एक 'सामान्य कुटुंब' हवं होतं, आणि ते शोधत हिंडायला सवड कुणाला? दोघांचेही कोट हिच्याचकडे शिवायला. दोघांनीही हिलाच बोलावलं, एकमेकांना न विचारता. मग काय, एकच कुटुंब दोघांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं.

"ही माझी बहीण!" सत्ताधारी गरजले. "अनुदानामुळे हिचं चौघांचं कुटुंब आज निर्धास्त झोपतं."

"ही माझी ताई!" विरोधक उसळले. "यांनी अनुदान निम्म्यावर आणलं आणि चौघांची झोप उडवली!"

या दोन्ही भावांना बहिणीचं नाव ठाऊक नव्हतं. बहिणीला मात्र भावांच्या कमरेची मापं तोंडपाठ होती. काटकसरीचा उपदेश करणाऱ्याच्या कोटाची कंबर यंदा दोनदा सैल करून दिली होती. गरिबांसाठी उपोषणाला बसणाऱ्याच्या कोटाची तीनदा.

पहिल्या रांगेत तिचा बसड्रायव्हर नवरा, लेक आणि सासूबाई बसले होते. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून हो, ती मधोमध बसलेली! बोलायची नाही फारसं. दिवसभर तोंडात टाचण्या असतात ना."

टाचण्याच होत्या. अनुदान घटलं त्या महिन्यात विमा कचेरीतल्या कारकुनानं फॉर्म पुढे सरकवला होता. "चौघांचा झेपत नसेल तर एक नाव गाळा, बाई." कापडावर खडूनं रेघ ओढावी तशी तिनं स्वतःच्या नावावर रेघ ओढली आणि घरी येऊन म्हणाली, "झालं विम्याचं काम." पुढे अंघोळ करताना काखेजवळ हाताला गाठ लागली, वाटाण्याएवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याच आठवड्यात तपासणी करून घ्या. विमा आहे ना?" ती "आहे की" म्हणाली, आणि त्या दारात पुन्हा फिरकली नाही.

"ताई," सूत्रसंचालकानं माईक तिच्यापुढे धरला, "आता तुम्हीच सांगा, दोघांपैकी खरं कोण बोलतंय?"

काय बोलायचं ते दोघांच्याही माणसांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. एक चिठ्ठी डाव्या मुठीत, एक उजव्या. समोर नवऱ्यानं मान डोलावून धीर दिला. काल रात्री तोच म्हणाला होता, "घाबरतेस काय? आपल्याला कसली चिंता? विमा आहे आपला."

पाय थांबला. ती उठून उभी राहिली आणि तिनं दोन्ही चिठ्ठ्या खुर्चीवर ठेवल्या.

"चौघं चौघं काय लावलंय मघापासून? विम्यात तिघंच आहेत."

सत्ताधाऱ्यांचा चेहरा पडला. विरोधकांनी टाळीसाठी हात उचलले. तिनं दोघांकडेही पाहिलं नाही.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, आणि सगळ्या सभागृहानं ऐकलं, "माझं नाव मीच काढलं. आणि मला गाठ आहे. तीन आठवडे झाले, तुम्हाला सांगितलं नाही."