किनाऱ्यावर उतरण्याचं कलम

करारात सतरा कलमं होती. वत्सलाला त्यातल्या एकाशीच देणंघेणं होतं: आपल्या नौदलाचं जहाज त्या बेटाच्या बंदराला लागल्यावर खलाशांना किनाऱ्यावर उतरता येईल की नाही.

तिचा मुलगा दर्पण नौदलात इंजिनरूमला होता. नवरा नामदेव त्या बेटाच्या मातीत होता.

अकरा वर्षांपूर्वी नामदेव तारापूरजवळच्या आलेवाडीहून एका खासगी ट्रॉलरवर कामाला गेला. सोबत शेजारचा भिका होता. भर समुद्रात नामदेवच्या छातीत कळ आली आणि तासाभरात तो गेला. ट्रॉलर जवळच्या बेटाकडे वळला आणि बंदराबाहेर नांगर टाकून थांबला. बेटावरची माणसं होडी घेऊन आली, सह्या झाल्या आणि दिवस मावळायच्या आत त्यांनी नामदेवला त्यांच्या रिवाजाप्रमाणे पुरलं. भिकाकडे उतरायचे कागद नव्हते. त्याने सगळं डेकवरून पाहिलं.

परत आल्यावर भिकाने वत्सलाला जागा सांगितली, ती मासळीची जागा सांगतात तशी. आलेवाडीची माणसं समुद्रातली जागा किनाऱ्यावरच्या दोन खुणांनी धरतात. अणुवीज केंद्राची चिमणी आणि तिच्यामागे महालक्ष्मीचा सुळका एका रेषेत आला की जाळं टाकायचं. भिका म्हणाला, पुढं दीपस्तंभ, त्याच्या बरोबर मागं पाण्याची गोल टाकी. टाकी दोन्ही बाजूंनी सारखी डोकावली पाहिजे. त्या रेषेत खाली पांढरी भिंत, भिंतीच्या आत सुरूची तीन झाडं. तिथं हाय तो.

वत्सलाने पालघरच्या वकिलाकडून बेटावर विचारणा केली होती. परक्या माणसांच्या कबरींवर नाव घालत नाहीत, जागा दाखवता येणार नाही, असं उत्तर आलं. दर्पण तेव्हा शाळेत होता. भिकाच्या खुणा मात्र त्याला पाढ्यांसारख्या पाठ झाल्या होत्या.

वत्सलाच्या थोरल्या बहिणीची मुलगी चारुता दिल्लीत परराष्ट्र खात्यात कायद्याचं काम पाहत होती. नौदलाच्या जहाजांनी त्या बेटाला भेट देण्याबाबत दोन सरकारांच्या वाटाघाटी सुरू झाल्या, आणि तिचं नाव आपल्या बाजूच्या यादीत आलं. तिने त्याच दिवशी वरिष्ठांना मावशीची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. पण टेबलावर ती येता कामा नये." चारुताने ती कधी आणली नाही.

बोलणी वर्षभर चालली. भेटीची सूचना किती आधी द्यायची, शस्त्रं कुठे ठेवायची, इंधन कोण देणार, ही कलमं एकेक करून मिटली. उतरण्याचं कलम तेवढं राहिलं.

नारळी पौर्णिमेला चारुता आलेवाडीत आली तेव्हा होड्या अजून किनाऱ्यावरच होत्या. भिका आपल्या होडीला निळा रंग लावत होता.

"आली दिल्लीवाली. झाला का नाय तुमचा करार? आमच्या मच्छीमार सोसायटीचं बर्फाचं भांडान पन मिटलं."

"काका, दोन देश आहेत. सोसायटी नाही."

"तेच बोलतो. दोनच तर हायेत. सोसायटीत दोनशे जनं."

वत्सलाने घरातून एक नारळ आणला आणि चारुताच्या कानाशी हलवला. आत पाणी खळखळलं.

"हा त्याच्यासाटी ठेवला. आपल्या दारातल्या माडाचा हाय. दर्पनला चार तास सोडलं तरी पुरे. मातीवर ठेवून हात जोडायचे आन परत यायचं. मी काय त्याला तिकडं ऱ्हायला सांगत नाय."

"मावशी, मला यातलं काही बोलता येत नाही."

"तू नको बोलू. आइक फक्त."

त्याच आठवड्यात बेटाकडून निरोप आला की त्यांचं मंत्रिमंडळ बसायच्या आत मसुदा हवा. दिल्लीला परतायला वेळ नव्हता. परवानगी घेऊन चारुता पालघरच्या जिल्हा मुख्यालयातल्या व्हिडिओ कॉन्फरन्सच्या खोलीत बसली. पडद्याच्या एका चौकोनात दिल्ली होती आणि दुसऱ्यात बेटाचे वकील, प्रत्येक मुद्द्याआधी चष्मा पुसणारे एक वयस्कर गृहस्थ.

प्रश्न साधा होता. उतरलेल्या खलाशाने गुन्हा केला तर खटला कोणी चालवायचा? आपण म्हणत होतो आम्ही, ते म्हणत होते आम्ही.

"काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशाचं जहाज आलं होतं," वकील म्हणाले. "त्यांच्या खलाशाने भाड्याची गाडी एका मुलीच्या अंगावर घातली. सकाळी जहाज निघून गेलं. खटला झालाच नाही. ती मुलगी आमच्या कार्यालयासमोर राहते. काठी घेऊन चालते."

दिल्लीच्या चौकोनातून वरिष्ठ म्हणाले, "चारुता, दोघांनाही चालेल असं वाक्य द्या."

असं एकच वाक्य होतं, आणि ते तिला बऱ्याच दिवसांपासून दिसत होतं. कोणी उतरलंच नाही तर खटल्याचा प्रश्न येत नाही. तिने लिहिलं: समारंभासाठी जाणारे अधिकारी वगळता जहाजावरील कोणीही गोदीबाहेर जाणार नाही, दोन वर्षांनी या कलमाचा फेरविचार होईल. शेवटचा तुकडा कोणी मागितला नव्हता. तो तिने घातला.

तिने वाक्य वाचून दाखवलं आणि कोणी हरकत घेतं का याची वाट पाहिली. वकिलांनी चष्मा पुसला आणि आभार मानले. पुढचं कलम, बंदराच्या हद्दीत जहाजावरून कोणतीही वस्तू पाण्यात न टाकण्याचं, चर्चेशिवाय मंजूर झालं.

ती आलेवाडीला पोचली तेव्हा वत्सला करंज्या तळत होती. तिने भाचीकडे एकदा पाहिलं आणि झारा कढईवर आडवा ठेवला.

"उतरायचं नाय ना?"

"मी काही बोलले नाही, मावशी."

"काम झालं असतं तरी तू बोलली नसतीस. पन दोन करंज्या उचलल्या असत्यास."

चारुताने करंजी घेतली. ती तिच्या हातातच गार झाली.

करारावर सह्या झाल्याची बातमी गणपतीच्या दिवसांत आली, पेपरच्या आतल्या पानावर. दर्पण तेव्हा सुट्टीवर घरी होता. पहिल्या भेटीसाठी त्याचंच जहाज जाणार होतं. आता बोलायला मोकळीक होती म्हणून चारुताने दिल्लीहून फोन केला. फोन ओट्यावर ठेवून वत्सला, दर्पण आणि भिका भोवती बसले. तिने कलम जसंच्या तसं वाचलं. कोणी लिहिलं, तेही सांगितलं.

वत्सलाने फोन जवळ ओढला.

"बरं. मंग नारळ तरी पान्यात सोडू दे त्याला."

"तेही नाही, मावशी. बंदरात काही टाकायचं नाही, असं कलम आहे."

"नारळ काय कचरा हाय?"

"कलमात सगळं सारखंच असतं."

"तुज्या कलमाला आई नाय वाटतं," वत्सला म्हणाली, पण रागाने नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "चार तास, दर्पन. चारच तास मागत होते मी."

"असते चार तास तर रिक्षा केली असती दीपस्तंभापर्यंत," दर्पण म्हणाला. "तिथनं मग…"

"तिथनं काय, टाकी बघायची," भिका म्हणाला. "दीपस्तंभाच्या मागं बरोबर…"

तो थांबला. त्याने विडी विझवली आणि डोकं खाजवलं.

"दीपस्तंभाच्या पायाशी उभा ऱ्हायला तर टाकी मागं कशी येल? आरं, बोईसरच्या नाक्यावर उभा ऱ्हाऊन चिमनी कंच्या रेषेत हाय, कोन सांगल? ती रेषा पान्यातनं हाय. मी पान्यातनंच बगितली. एवडी वर्सं सांगतोय, माज्या डोक्यातच नाय आलं."

दर्पणच्या डोक्यातही आलं नव्हतं. चारुताच्याही नाही, आणि ती याच किनाऱ्यावर वाढली होती. मसुद्यामागून मसुद्यात ती ज्या उतरण्यासाठी झगडली होती, त्याने दर्पण एका अनोळखी गावात पोचला असता आणि पांढऱ्या भिंती शोधत फिरला असता.

"बंदरात शिरताना आम्ही पांढऱ्या कपड्यांत कठड्याला ओळीने उभे असतो," दर्पण सावकाश म्हणाला. "दोन्ही बाजूंना. तोंड किनाऱ्याकडे."

"मंग डाव्या अंगाला ऱ्हा," भिका म्हणाला. "आत शिरताना दीपस्तंभ डाव्या हाताला."

"आमच्यात डावं नसतं काका. पोर्ट साइड."

"काय पन म्हन. उजवीकडं ऱ्हायलास तर समुद्रच बगशील."

पोर्ट साइडच्या ओळीत जागा मिळवायला दर्पणला इंजिनरूमची पाळी बदलून घ्यावी लागली. बदल्यात त्याने सोबत्याचं परतीच्या प्रवासातलं काम पत्करलं. नारळ त्याने कपाटात कपड्यांच्या मागे ठेवला.

जहाज डिसेंबरात गेलं. दर्पण घरी आला तेव्हा आलेवाडीत बांबूंवर बोंबील वाळत होते आणि वत्सलाच्या हातांना मिठाने चिरा पडल्या होत्या. त्याने पिशवीतून नारळ काढून तिच्यासमोर ठेवला. तिने तो हलवून पाहिला. पाणी होतं.

"दिसलं?"

"दिसलं. आधी टाकी डावीकडे होती, वेगळी. मग सरकत सरकत दीपस्तंभाच्या मागे गेली. दोन्ही बाजूंनी सारखी झाली."

"आन खाली?"

"भिंत. सुरू दोनच आहेत, तिसरा नाही."

"पडला असंल," भिका म्हणाला. "अकरा वर्सं झाली."

"किती येळ दिसलं?" वत्सलाने विचारलं.

"एक श्वास घेऊन सोडेपर्यंत. जहाज पुढे जात होतं."

"हात जोडलास?"

"नाही, आई. सावधानमध्ये होतो. हात हलवता येत नाही."

"जाताना?"

"जाताना मी खाली होतो. इंजिनाशी."

वत्सलाने नारळ पदराने पुसला. "भिंत कशी होती?"

"पांढरी. नुकता चुना लावल्यासारखी."

"म्हंजे कोनतरी बगतं तिकडं," ती म्हणाली. मग नारळ आत नेऊन देवापुढे ठेवून आली. दोन वर्षांनी फेरविचार होणार, हे तिला चारुताने समजावून सांगितलं होतं. तो शब्द तिला उच्चारता येत नव्हता, पण वर्ष तिने धरून ठेवलं होतं.

बाहेर येऊन ती दर्पणला म्हणाली, "कसा उभा होतास तिकडं? दाखव."

"इथं? लोक बघतील."

"बगू दे."

दर्पण बनियन आणि हाफपँटवर अंगणात उभा राहिला, टाचा जुळवून, हात मांड्यांना लावून. तोंड समुद्राकडे केलं. भिका हसणार होता, पण हसला नाही. बोंबलांच्या बांबूंपलीकडे भरती चढत होती.

वत्सला लेकाच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्याची नजर कुठे लागली आहे ते मान वळवून एकदा नीट पाहिलं, आणि आपली नजर तिथेच लावली.