महेबूब मिस्त्रीचा सडपातळ क्रँक

महेबूब मिस्त्रीला आयुष्यात दोनच गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक, लोखंडावरचं जास्तीचं लोखंड. आणि दुसरा, मेहुणा खलील. पहिल्याचा बंदोबस्त तो लेथवर कातून करी. दुसऱ्याचा करता येत नव्हता, कारण खलील बायकोचा सख्खा भाऊ होता आणि भद्रकालीत मिस्त्रीच्या कारखान्यापासून शंभर पावलांवर त्याचं बांगड्यांचं दुकान होतं. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक जुना लेथ आणि स्वतः मिस्त्री. गेली दहा वर्षं खलील रोज येऊन सांगत असे, "दुल्हेभाई, सोडा हे काळं काम. माझ्या गादीवर येऊन बसा. हात तरी स्वच्छ राहतील." मिस्त्री लेथचा आवाज वाढवी.

तर त्या वर्षी, म्हणजे साधारण चौतीस सालची गोष्ट, पंचवटीतल्या वत्सलाबाईंच्या पिठाच्या गिरणीचं ऑइल इंजिन एका दणक्यात गप्प झालं. क्रँक तुटला होता. पिस्टन बिचारा नुसता पुढंमागं धावतो. त्या धावण्याचं गोल फिरणं करून देणारा, मध्येच बाक काढलेला जाड दांडा म्हणजे क्रँक. मुंबईच्या एजंटानं कळवलं की नवा क्रँक विलायतेहून बोटीनं येईल, चार महिने लागतील. चार महिने घरोघर जात्यावर दळायचं ऐकून पंचवटीतल्या बायकांनी गिरणीच्या दारात जो कालवा केला, तो नदीपलीकडं ऐकू गेला असेल.

"चार महिने कशाला?" मिस्त्री म्हणाला. "क्रँक मी करतो. पंधरा दिवसांत."

"आणि नाही जमला तर?" गर्दीतून खलीलनं विचारलं. तो तिथं काय करत होता ते अल्ला जाणे. त्याच्या घरी दळण बायको आणत असे.

"नाही जमला तर लेथला कुलूप लावून तुझ्या दुकानात बसेन. जन्मभर."

जन्मभर हा शब्द कोणी मागितला नव्हता. पण मिस्त्रीची जीभ एकदा सुटली की तिला ब्रेक नसे. घरी बायकोनं, गुलजारबीनं, हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

मिस्त्रीनं शेडची फरशी धुतली आणि खडूनं तिच्यावर क्रँकचा नकाशा काढायला बसला, अगदी होता तेवढ्या आकाराचा. जुन्या क्रँकचं टोक मोडलं होतं, बाक शाबूत होता. त्याची सगळी मापं जुळली. अडचण एकच: बाकाच्या बरोबर विरुद्ध बाजूला लोखंडाचे दोन जाडजूड गोळे होते. त्यांना ना काही जोडलेलं, ना कशाला ते टेकलेले. मिस्त्रीनं ते चारी बाजूंनी पाहिले, आणि त्याचं डोकं तापलं. लेथवाल्याचा धर्मच मुळी काढण्याचा. नको ते काढत जायचं, उरेल ती वस्तू. ही नुसती चरबी अंगावर ठेवून विलायतेच्या कारागिरानं काम सोडलंच कसं?

घण मारायला देवराम लोहार होता. नकाशा पाहून तो म्हणाला, "मिस्त्री, ह्ये दोन गोळे ऱ्हायले की."

"राहिले नाहीत. काढले. शोभेचे आहेत ते."

"एवढं लय लोखंड शोभंला?"

"देवराम, घण तुझा, डोकं माझं."

देवरामनं घण उचलला. क्रँक घडला, लेथवर उतरला, आणि खरं सांगायचं तर दिसायला फार देखणा झाला. सडपातळ, चकचकीत. मिस्त्री त्याच्याकडं ज्या नजरेनं बघे ती पाहून गुलजारबीला थोडा मत्सरही वाटला.

पंधराव्या दिवशी वत्सलाबाईंनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. इंजिन सागवानी ओंडक्यांवर बोल्टांनी आवळलेलं होतं. मिस्त्रीनं चाक फिरवलं. धक्, धक्, धक्. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीनं खलीलकडं पाहून मिशीला पीळ दिला आणि वेग वाढवला.

मग ओंडक्यांनी एक उडी मारली.

पहिली उडी लोकांना गंमत वाटली. दुसरीला पट्टा सुटून भिंतीवर आपटला. तिसरीपासून इंजिनानं दाराची वाट धरली. ओंडक्यांसकट, धूर सोडत, वीत वीत उड्या मारत ते बाहेर आलं आणि शेजारच्या नवसाबाईंच्या अंगणाकडं वळलं. तिथं पापड वाळत होते. नवसाबाई झाडू घेऊन आडव्या आल्या, पण इंजिन कसलं ऐकतंय! चार माणसं ओंडक्यांवर बसली. इंजिन त्यांनाही घेऊन नाचू लागलं. मिस्त्रीनं धावत जाऊन तेलाची तोटी बंद केली तेव्हा साडेतीन पापड उरले होते.

"लोखंड कच्चं निघालं," गर्दीत कोणीतरी म्हणालं. "घडाई वाईट. मिस्त्रीचा नकाशा चांगलाच असणार."

"मग शर्त लागू नाही," दुसरा म्हणाला. सगळे देवरामकडं बघू लागले. देवराम मिस्त्रीकडं बघू लागला. आणि मिस्त्री, सांगायला लाज वाटते, जमिनीकडं बघू लागला.

घरी त्याला जेवण गेलं नाही. तसाच उठून तो शेडमध्ये आला. रुळाचे दोन तुकडे समतल मांडून त्यानं इंजिनातून काढून आणलेला नवा क्रँक त्यांच्यावर ठेवला. क्रँक आपोआप गडगडला आणि बाक खाली लोंबला. पुन्हा वर केला, पुन्हा खाली. मग त्यानं मोडक्या टोकाला लाकूड बांधून जुना ठेवला. जुना फिरला तो गोळे खाली आणि बाक वर करून थांबला.

मिस्त्रीनं दोन्ही गोळ्यांवरून हात फिरवला. फिरताना बाक एका बाजूला ओढणार, तेव्हा दुसऱ्या बाजूनं हे गोळे त्याला धरून ठेवणार. तेवढ्यासाठीच होते ते! गोळे नसलेला बाक त्या जड इंजिनाला दर फेऱ्याला झटके देत होता. देवरामच्या लोखंडाचा काही दोष नव्हता. हे गुपित मिस्त्रीशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो गप्प राहिला असता तर लेथ त्याचाच राहिला असता. तासभर त्यानं गप्प राहून पाहिलं. जमेना.

सकाळी दळणाच्या रांगेसमोर उभा राहून तो म्हणाला, "देवरामचं काम चोख आहे. गोळे मी काढले. त्यानं विचारलं तर मी त्यालाच झापलं. चूक माझी. पहिल्या खेपेला मला जमलं नाही."

देवराम खाकरला. "भट्टी पेटवू का?" एवढंच त्यानं विचारलं.

दोघांनी दोन दिवसांत गोळे घडवून क्रँकला पक्के आवळले. इंजिन असं चालू लागलं की वत्सलाबाईंनी चहाचा भरलेला कप त्याच्यावर ठेवला आणि थेंब सांडला नाही. पण पंधरा दिवस उलटून गेले होते, आणि शब्द तो शब्द. मिस्त्रीनं लेथ पुसला, त्याला तेल दिलं, शेडला कुलूप घातलं. तेव्हा तो रडला. गुलजारबीनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

सकाळी नऊला तो खलीलच्या गादीवर बसला. पहिलं गिऱ्हाईक सिन्नरचं लग्नघर. नवरीनं हिरवी बांगडी उचलली. मिस्त्रीनं खिशातून कॅलिपर काढला, बांगडी आडवी मोजली, उभी मोजली.

"ही घेऊ नका. गोल नाही. अर्धं सूत लांबट आहे."

"आणि ही?"

"हिचं तर नावच काढू नका."

"दुल्हेभाई!" खलील ओरडला.

"काय ओरडतोस? मोज ना तूच."

कॅलिपर हातोहात फिरला. नवरीच्या मावशीलाही मोजता येऊ लागलं. दुपारच्या नमाजापर्यंत नापास बांगड्यांचा ढीग मिस्त्रीच्या गुडघ्याला लागला, सिन्नरचं लग्नघर कॅलिपर घेऊन समोरच्या दुकानात गेलं आणि समोरच्या दुकानदारानं घाबरून फळ्या लावल्या.

खलीलनं हात जोडले. "दुल्हेभाई, लेथवर जा. तुमच्या पाया पडतो."

"जन्मभर म्हणालो होतो मी."

"मी हरलो! झालं? शंभर माणसांत सांगतो, मी हरलो!"

मिस्त्री उठला. मग ढिगाबाहेरची एक बांगडी त्यानं अलगद उचलली. "अख्ख्या दुकानात ही एकच खरी गोल. किती द्यायचे?"

"न्या! फुकट न्या!"

घरी येऊन त्यानं ती गुलजारबीच्या हातात घातली. तिनं हात फिरवून पाहिला, दुसरा रिकामा हात त्याच्यासमोर धरला. "एकच? आणि याला?"

"त्याची मी पितळेची करतो. लेथवर."

"मग इथं उभे काय राहिलात?" गुलजारबी म्हणाली.