वास गेला, लुगडं राहिलं

माझ्या अंगाला वास येतो. आधीच सांगते, म्हणजे नाकाला पदर लावायचा असेल तर लावून घ्या. पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीसारखा कुबट वास. मी नागभीडची करवतकाठी, अस्सल कोशाची साडी. इकडच्या बाया मला लुगडंच म्हणतात.

माझं सूत जंगलातलं. ऐनाच्या झाडांवर ढिवर जातीची माणसं कोशाचे किडे पोसतात. पाखरांनी खाऊ नयेत म्हणून दिवसभर गोफण घेऊन झाडांखाली उभी असतात. किड्यानं आपल्याभोवती कोसा विणला की तो राखेच्या पाण्यात उकळतात. आतला जीव आतच मरतो. मग बाया उघड्या मांडीवर घासून घासून त्याचं सूत वळतात. मांडीची कातडी निबर होते, तेव्हा कुठे एका लुगड्यापुरतं सूत जमतं.

नागभीडच्या नानाजी कोष्ट्यांनी मला मागावर विणलं. मधाच्या रंगाचं अंग, तांबडे काठ आणि काठांना करवतीचे दाते. मला विकताना त्यांचा हात जरा रेंगाळला. गिऱ्हाइकाला म्हणाले, "याले नेसत राहा, भाऊ. पेटीत कोंडून नोका ठेवू."

गिऱ्हाईक होते मूल गावचे गुणवंतराव. त्यांची धानाची गिरणी होती. त्यांनी मला बायकोसाठी, नीलाबाईंसाठी घेतलं. नीलाबाई मला एका लग्नात नेसल्या. चारचौघींनी काठ हातात धरून पाहिला, किंमत विचारली आणि नीलाबाईंचं काम झालं. घरी आल्यावर त्यांनी मला घामेजलेलीच घडी घातली आणि डांबराच्या गोळ्या टाकून लोखंडी पेटीत बंद केलं. पेटी गिरणीला लागून असलेल्या खोलीत, थेट जमिनीवर. त्या जमिनीला पावसाळ्यात घाम फुटतो.

तीन पावसाळे मी त्या पेटीत काढले. अंधाराचं काही नाही, त्याची सवय होते. पण ओल आधी घडीच्या कडेला बसते, मग आत शिरते. अंगावर पांढरी भुरी धरते, आणि आपल्याच वासात आपण श्वास घेत राहतो.

त्रेपन्न सालच्या दसऱ्याला नीलाबाईंनी पेटी उघडली आणि दोन पावलं मागे सरल्या. मला दोन बोटांत धरून त्यांनी अंगणात आणलं. तिथे रंभा भांडी घासत होती.

रंभा ढिवरांची. सकाळी नीलाबाईंकडे भांडी घासायची आणि दुपारी गिरणीत कोंडा पाखडायची. तिची एकुलती एक पोर सोमारी. सोमारीचं लग्न माघात ठरलं होतं, नवरा सिंदेवाहीकडचा.

नीलाबाई म्हणाल्या, "हे तं गेलंच आता. रंभा, तुयाच्यानं वास निघते का पाय. निघाला तं सोमारीले नेसव लग्नात. मले नाई पायजे."

रंभानं हात धुतले, पदराला पुसले. "खरंच देता का, बाई?"

"खोटं काऊन बोलू?"

तिनं मला उचललं तेव्हाच मला कळलं, या बाईला कोसा ठाऊक आहे. तिच्या आईनं जन्मभर मांडीवर सूत वळलं होतं, आणि लहानपणी तिनंही.

घरी नेल्यावर तिनं मला लगेच पाण्यात घातलं नाही. आधी दोन दिवस पडवीत, सावलीत, वाऱ्यावर बांबूला टाकलं. दर प्रहरी उलटं करायची. उन्हात टाकलं असतं तर वास लवकर उडाला असता, पण माझा जीवही उडाला असता. भुरी तिनं जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं टिपून काढली, घासली नाही. मग रिठे भिजवून फेस काढला आणि विहिरीच्या गार पाण्यात मला नुसतं हलवलं. पिळलं नाही. कोरड्या कापडात गुंडाळून हातानं दाबलं.

सोमारी बाजूला बसून पाहत होती. "आई, धूप दे ना त्याले. वास जाईन लवकर."

"धुरानं वास झाकते, माय. जात नाई."

वाळल्यावरही घड्यांच्या जागी थोडा वास उरलाच होता. मग तिनं चुलीतले विझलेले कोळसे निवडले, कापडात बांधले आणि कोऱ्या मडक्यात तळाला ठेवले. त्यावर बांबूची जाळी, जाळीवर मी, वरून झाकण. दोन दिवसांनी कोळसे बदलले. पुन्हा वारा. पुन्हा मडकं. आठव्या दिवशी तिनं माझ्या घडीत नाक खुपसलं आणि तशीच थांबली. कोशाला स्वतःचा एक वास असतो, रानातला, कोरड्या पानासारखा. तो मला परत आला होता. रंभानं शेवटी वाळ्याच्या चार काड्या माझ्या घडीत ठेवल्या.

सोमारीनं हात धुऊन मला एकदा खांद्यावर घेतलं. तेवढंच. लगेच काढून ठेवलं. "लग्नातच नेसीन," म्हणाली.

मला नीलाबाईंना दाखवायला नेण्याची काही गरज नव्हती. पण रंभाच्या मनात आलं, ज्यांनी दिलं त्यांनी एकदा पाहावं. आपलं काम पाहावं, असंही तिला वाटलं असेल. चांगलं काम करणाऱ्या माणसाची एवढीच हौस असते, आणि तीच त्याला महागात पडते.

नीलाबाईंनी मला आधी लांबून हुंगलं, मग जवळून. काठावरून हात फिरवला.

"अवो, हे तं नव्यासारखं झालं," त्या म्हणाल्या. मग मला आपल्या मांडीवर ठेवलं. "राहू दे मंग इथीच."

रंभा उभीच होती. "बाई, तुमी बोलल्या होत्या…"

"बोलली होती, तवा ते वाया गेलं होतं. चांगलं लुगडं कोणी देते का? सोमारीले सुती देईन मी. कोरं."

रंभा आत जाऊन भांडी घासायला बसली. त्या दिवशी तिनं एकच पितळी पातेलं कितीतरी वेळ घासलं.

माघात सोमारीचं लग्न झालं. गिरणीच्या मालकीणबाई लग्नाला आल्या म्हणून मांडवात सगळे उठून उभे राहिले. आणि नीलाबाई मला नेसून आल्या होत्या. मी त्यांच्या अंगावर होते. मला जमिनीत जावंसं वाटलं, पण कापडाला कुठे जाता येतं? रंभा पुढे झाली, तिनं नीलाबाईंना हळद-कुंकू लावलं.

सुती पिवळ्या लुगड्यातली सोमारी पाया पडायला वाकली. तिची नजर माझ्या काठावर गेली. नीलाबाई जेवायला बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "आई, हे तेच ना?"

"नाई, माय," रंभा म्हणाली. "ते येगळं होतं."

घरी गेल्यावर नीलाबाईंनी मला पुन्हा तशीच घडी घातली. घाम, हळद, जेवणाचा वास, सगळं घेऊन मी पेटीत गेले. पेटी त्याच जमिनीवर. पावसाळा आला, भुरी आली. या खेपेला वास जास्त खोल गेला.

दिवाळीच्या आधी नीलाबाईंनी रंभाला हाक मारली. "पाय वं, फिरून वास मारून राह्यलं. तुले येते काढता."

रंभानं मला हातात घेतलं. घडी उलगडली, नाकाजवळ नेली. तिची बोटं नेमक्या त्या जागी थांबली जिथे ओल मुरली होती. तिला सगळं कळलं होतं, मी शपथेवर सांगते.

"मले तं कायचाच वास येऊन नाई राह्यला, बाई," ती म्हणाली.

"असा कसा नाई? साऱ्या खोलीत सुटला."

"मले नाई येत." तिनं मला जुन्या घड्यांच्या रेघा सोडून नव्या घडीवर नीट दुमडलं, पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. मग कोंडा पाखडायला गिरणीत गेली. तिच्यावर राग धरायला मला जागा नव्हती. तरी त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

नीलाबाईंनी मग मला उन्हात टाकलं, धुपाचा धूर दिला, अत्तर शिंपडलं. रंग उडाला. आता माझ्या अंगाला धुराचा, अत्तराचा आणि ओलीचा, असे तीन वास येतात. घड्यांवर मी चिरत चालले आहे. चार वर्षं झाली, मला कोणी उलगडलेलं नाही.

नेसायला मी आता कुणाच्याच कामाची नाही, तेव्हा तेही मागत नाही. मागणं एकच आहे. तुमच्यापैकी कुणाचं सिंदेवाहीकडे जाणं झालं, तर सोमारीचं घर विचारा. तिला सांगा, ते येगळं नव्हतं. तेच होतं. तुझ्या आईनं आठ दिवस तुझ्यासाठीच धुतलं होतं.