तांबड्या भाजीचं बी

माशांच्या घाणीवर भाजी वाढते, असं माझ्या मुलीने सांगितलं तेव्हा मी तिला वेड्यातच काढलं. समीक्षा वाळपईला सरकारी नोकरीत आहे, रविवारी तेवढी घरी येते. एका रविवारी ती टेम्पो भरून सामान घेऊन आली आणि परसात खटाटोप सुरू झाला. खाली टाकीत तिलापिया मासे, वर उभ्या कापलेल्या निळ्या पिंपांत खडी, मधे पंप. माशांचं घाणेरडं पाणी वर चढायचं, रोपांना खाऊ घालून, गाळून पुन्हा खाली यायचं. माती म्हणून कुठे नाही.

"आणि हेका तू मळो म्हणतंस?" मी विचारलं. डिचोलीच्या खाणींवर जन्मभर ट्रक चालवलेला माणूस मी, पंप-पाइपांना घाबरत नाही. पण मातीवाचून शेती म्हणजे अतीच झालं.

अर्थात माती आमच्याकडे उरली होती कुठे? खाणीच्या ढिगाऱ्यावरून उतरलेला चिखल आमच्या शेतावर बसला तो कायमचा. ती खाण मीच वर्षानुवर्षं ट्रकमधून वाहिली होती. माझी बायको सुमंगला त्या शेतात तांबडी भाजी काढायची आणि बुधवारी डिचोलीच्या बाजारात बसायची. दुपारच्या आत टोपली रिकामी. शेत गेलं तेव्हा ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ती जाऊन तीन वर्षं झाली. फडताळात तिची एक बाटली राहिली होती, तिच्यात कीड लागू नये म्हणून राखेत मिसळून ठेवलेलं तांबड्या भाजीचं चिमूटभर बी. आणखी एखादं वर्ष ठेवलं असतं तर ते उगवलंच नसतं. भाजी बाजारात ढिगाने मिळते हो, मला भाजी नको होती. मला हिचं बी मरू द्यायचं नव्हतं. म्हणून नाक मुरडत का होईना, सगळं बी मी त्या खडीत पेरलं.

"बाबा, हेच्यात खत घालू नको, वखद मारू नको," समीक्षाने बजावलं. "काय झाला तर आदी माका फोन कर."

रोपं आली. लालबुंद, अगदी हिच्या शेतातल्यासारखी. मी दिवसातून दहादा जाऊन बघायचो. माशांनाही माझी सवय झाली. मी दिसलो की तोंडं वर काढायचे.

मग पानांना भोकं पडायला लागली. कीड. फोन कशाला करायचा? खत नको, किडीचं औषध नको, कबूल. पण राख म्हणजे काही वखद नव्हे. सुमंगला सकाळी दवाने पानं ओली असताना त्यांवर चुलीतली राख भुरभुरायची. तिच्यामागे मी गॅसवरच शिजवतो, पण तिच्या चुलीची राख न्हाणीजवळच्या डब्यात तशीच होती. मी मूठ भरली आणि मनगट हलवत पानांवर सोडत गेलो. हात माझा होता, पण हलत होता हिच्यासारखा. इतकं बरं वाटलं, की थांबवेना. डबा संपला तेव्हाच थांबलो.

दुसऱ्या दिवशी सगळे मासे उताणे तरंगत होते.

रविवारी समीक्षा टाकीच्या कडेला बसून रडली. राख खडीतून पाण्यात उतरली आणि पाणी माशांना सोसलं नाही, असं तिने सांगितलं. ती चांगली ओरडेल म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. पण ती डोळे पुसत म्हणाली, "आयेन पण ह्याच केला असता."

मासे नाहीत तर रोपांना खाणं नाही. मेलेले मासे मी आधीच माडाच्या मुळात पुरले होते. तिथे टोपलीभर माती आहे. धडधाकट चार रोपं उपटून मी त्याच मातीत लावली, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून भोवती काटेरी कुंपण केलं आणि बाल्दीने पाणी घालत राहिलो. तीन सुकली. एक तगलं. त्याला तुरा आला, तुरा वाळला, आणि एका सकाळी तळहातावर चोळला तर काळं, चकचकीत बी. चिमूटभरच, पण नवं.

बाटली धुऊन वाळवली आणि लक्षात आलं, बी मिसळायला घरात राखच नाही. होती तेवढी मीच उधळली होती. म्हणून तीन वर्षांनी मी चूल पेटवली. लाकडं ओली, मेला धूर कौलांतून बाहेर निघाला तो निघालाच. रविवार होता. समीक्षा स्कूटर वाटेतच टाकून धावत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. चुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वाटेवरसून धूर दिसलो," ती म्हणाली. "माका वाटला, आये..."

"माकाय वाटला गो," मी म्हणालो. "राख कवाच झाली. पण लाकडां घालतच रवलंय."