माझे तेल मला द्या

मी एक जुना टॉर्क कन्व्हर्टर आहे. भंगार नाही, हे मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो. धामापूरच्या रसिकाच्या ऑटोमॅटिक गाडीत, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये माझे घर आहे. अपघातात रसिकाचा डावा पाय अधू झाला, त्याने क्लच दाबला जात नाही. माझ्या भरवशावर ती रोज ओरोसला कचेरीत जाते.

माझ्या पोटात तेल आहे आणि समोरासमोर दोन पंखे आहेत. इंजिन एक पंखा फिरवते, तो दुसऱ्यावर तेल फेकतो आणि चाके हलतात. पण यात थोडी ताकद वाया जातेच, शिवाय मी तापतो. म्हणून गाडी एका वेगात धावू लागली की माझ्यातली चकती कवचाला घट्ट धरते. मग इंजिन आणि गिअरबॉक्स एकजीव फिरतात, पेट्रोल वाचते. गाडी थांबताना चकती सुटते, नाहीतर इंजिनच बंद पडेल. बारा वर्षांत या धरण्या-सोडण्यात मी एकदाही चुकलो नाही.

यंदा मात्र साठचा वेग आला की मी थरथरू लागलो. गॅरेजवाल्या बाबूने एक फेरी मारून निकाल दिला, "ह्यो डबो गेलो. नवो मिळाचो नाय. गाडी इकून टाक."

मला असा संताप आला! माझे तेल तरी बघितले का याने?

रसिका हटली नाही. "क्लचची गाडी माका जमाची नाय. आधी तेल बघ."

तेल जाड आणि काळपट निघाले. रसिकाने सोबत आलेल्या भावाकडे, लवूकडे पाहिले. तो तोंडवलीला मच्छीमार होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. गेल्या महिन्यात तेल त्यानेच बदलले होते.

"लवू, खंयचा तेल घातलंस?"

"होडीच्या गिअराचा," तो मान खाली घालून म्हणाला. "माका वाटला, जाड तेल म्हणजे बरा."

होडीला ते मानवत असेल. माझी चकती त्यात धरायची, घसरायची, पुन्हा धरायची. तीच ती थरथर.

बाबूने योग्य तेल भरले. पण जुने तेल माझ्या पोटात उरले होते, त्यामुळे थरथर कमी झाली, गेली नाही.

"मी सांगलंय ना?" बाबू म्हणाला.

"परत बदल," रसिका म्हणाली.

दुसऱ्या खेपेलाही थोडी थरथर उरली, म्हणून तिसऱ्यांदा तेल भरून घेऊन ती बाबूला शेजारी बसवून ओरोसच्या रस्त्याला लागली. साठ आले. चकतीने धरले आणि गाडी सरळ, शांत पळाली.

"भंगाराक कोण जाता, बाबू?" रसिकाने विचारले.

मित्रांनो, यंत्र कुरकुरले तर ते टाकण्याआधी आपण त्याला काय पाजले ते आठवा. मला दया नको. माझे तेल मला द्या, वेळेवर द्या, आणि मग खुशाल साठच्या पुढे न्या.